गारांगच्या हँडलवरची गाठ

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी एक जुनी, फाटकी, हवा गेलेली ट्यूब आहे, पण हवा गेली म्हणून स्वभाव गेला असं समजू नका. माझं नाव गारांग. मलाय भाषेत गारांग म्हणजे तापट, अंगावर धावून येणारी. आमच्या घरचे सुबोधराव ते ऐकून म्हणाले होते, "म्हणजे आपली कजाग!" असेन बाई कजाग. खोटं कशाला बोलू? मी आयुष्यभर माणसं आपटली आणि मला त्यात भारी मजा यायची.

ट्यूब म्हटल्यावर तुम्हाला सायकलची आठवली असेल. छे! मी समुद्रावरची. सोफ्याएवढी रुंद, लाल-पिवळी, तीन माणसं शेजारी शेजारी बसतील अशी. वेगवान बोटीच्या मागे दोर लावून मला पाण्यावरून फरफटत नेत. माझ्यावर बसलेल्यांनी हँडल धरून किंचाळायचं आणि शेवटी पाण्यात पडायचं, असा तो खेळ.

आता माझा मुक्काम सिंगापूरला, टॅम्पिनीसमधल्या एका फ्लॅटमध्ये आहे. इथल्या घरांत जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. तिला शेल्टर म्हणतात. युद्ध झालं, बाँब पडले, तर माणसांनी आत लपायचं. बाँब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे तांदळाची पोती, प्रवासाच्या बॅगा, आकाशकंदील आणि माझ्यासारखी अडगळ ठेवतात. शेल्टरचं दार स्वयंपाकघरासमोर आहे आणि दिवसभर उघडंच असतं. माझी मराठी तिथूनच आली, समुद्रावर कानावर पडलेल्या मराठी बोलण्याचा अर्थही मला इथेच लागला. चांगले शब्द भाजी निवडताना कानावर पडले आणि बाकीचे दूध उतू गेल्यावर.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. जन्म म्हणजे मारहाणच होती. तापलेल्या पट्ट्यांखाली दाबून माझ्या शिवणी चिकटवल्या. आत हवेची मोठी पिशवी कोंबली, वर जाड नायलॉनचं कव्हर चढवलं आणि दाभणाएवढ्या सुयांनी माझ्या अंगाला हँडल शिवली. मग फुटते का ते पाहायला इतकी हवा भरली की माझी शिवण न् शिवण कण्हू लागली. मी फुटले नाही. तिथल्या एका बाईने माझ्या पाठीवर दोन सणसणीत बुक्क्या मारल्या आणि मला पास केलं.

सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यावर आमच्या मालकांचं पाण्यातल्या खेळांचं छोटं दुकान होतं. बोट चालवायचा रोसलान. त्याची बहीण नूरा बोटीत मागे तोंड करून बसायची. माझ्यावरच्या माणसांवर नजर ठेवणं हे तिचं काम. बोटीचा आवाज असा की हाका मारून उपयोग नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी चालायचं. अंगठा वर म्हणजे जोरात, अंगठा खाली म्हणजे हळू, गळ्यावरून हात फिरवला की थांबा. माझं नावही नूरानेच ठेवलं. पहिल्याच दिवशी मी तिघा धिप्पाड जवानांना एका वळणावर असं भिरकावलं की एकाचा दात दुसऱ्याच्या कपाळात रुतला. तिघंही रक्ताने माखलेली तोंडं घेऊन हसत वर आले आणि म्हणाले, "अजून एकदा!"

काय दिवस होते ते! दोर ताणला की माझ्या नाकाला हिसका बसायचा आणि मी पाण्यावर आदळत सुटायचे. मित्रांनो, पाणी मऊ असतं ही शाळेतली गोष्ट झाली. त्या वेगात पाणी फरशीसारखं लागतं. ते माझ्या पोटावर फटाफट बसायचं आणि मी ते फटके माझ्यावर बसलेल्यांच्या हाडांपर्यंत पोचवायचे. ऑफिसातले साहेब आले, त्यांना मी कर्मचाऱ्यांच्या देखत नाकावर आपटलं. नवी लग्न झालेली जोडपी हातात हात घालून बसायची. पहिल्या लाटेला हात सुटायचे आणि दुसरीला नवरा. एका बँकेतल्या गृहस्थांची चड्डी मी समुद्राला अर्पण केली, ते बिचारे बराच वेळ गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते. लोक नाक धरून, कोपर चोळत किनाऱ्यावर यायचे आणि माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "काय जबरदस्त आहे ही!" मी फुगून जायचे. आधीच फुगलेली, त्यात आणखी.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यावरच पुढचं सगळं आहे. मी माणसं फेकायची, धरून ठेवायची नाही. जो माझ्यावरून सुटला तो अंगातल्या तरंगत्या जॅकेटमुळे बुचासारखा वर यायचा. मग बोट वळून त्याला उचलायची. म्हणूनच मी इतकी दांडगाई केली तरी माझ्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. सुटणं हाच त्या खेळातला बचाव होता. हे नूरा प्रत्येकाला किनाऱ्यावर सांगायची, गळ्यात काही नको, हातात काही गुंडाळू नका, पडायची वेळ आली की हँडल सोडून द्या. लोक हो हो म्हणायचे.

गेल्या जूनच्या सुट्टीत सुबोध, संजीवनी आणि त्यांची आठ वर्षांची जाई किनाऱ्यावर राहायला आली. तिथे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी छोटी घरं आहेत, त्यांना शॅले म्हणतात. ही पुण्याची मंडळी. सुबोध इथे आयटी कंपनीत. संजीवनीही पुण्यात नोकरी करायची, जाईला पाळणाघरात सोडून स्कूटरवरून जायची. जाईला पाण्याचं वेड. शॅलेच्या ओट्यावरून तिने मला पाहिलं आणि इथल्या मुलांसारखं वाक्यागणिक शेवटी 'ला' लावत आईच्या मागे भुणभुण लावली. "आई, प्लीज ला! जस्ट वन टाइम ला!"

"बघू," संजीवनी म्हणाली. आईच्या बघूचा अर्थ नाही असा असतो. पण सुबोध म्हणाला, "अगं, जॅकेट घालतात. चल, तूसुद्धा चल. सारखं काय घाबरायचं?" शेवटी ती तयार झाली. तिला पोहता येत नव्हतं. ती कुर्ता-सलवार घालून आली आणि हिरवी ओढणी तिने कमरेला घट्ट गुंडाळली होती. नूराने ओढणीकडे बोट दाखवून ती काढायला सांगितलं. संजीवनीने "ओके, ओके" म्हटलं आणि मान डोलावली. नूरा जाईच्या जॅकेटचे बकल ओढून पाहण्यात गुंतली, तेवढ्यात संजीवनीने ओढणी जॅकेटच्या आत सारली. मी पाहिलं. मी काय करणार? मला तोंड नव्हतं.

तिघं माझ्यावर बसली. मध्ये जाई, दोन्ही बाजूंना आई-बाबा. बोट हळूहळू पुढे जाऊ लागली, दोर अजून पाण्यात सैल पडलेला होता. तेवढ्या वेळात संजीवनीने जॅकेटखालून ओढणी बाहेर ओढली, जाईच्या कमरेभोवती दोन वेढे दिले आणि दोन्ही टोकं माझ्या मधल्या हँडलला बांधली. गाठीवर गाठ, वर आणखी एक गाठ.

"अगं, काय करतेयस? ही काय स्कूटर आहे?" सुबोध म्हणाला.

"तू गप्प बस रे," संजीवनी म्हणाली. "कात्रजच्या घाटातून मी तिला अशीच बांधून न्यायचे. माझ्या पाठीवर झोपायची ती. हीच गाठ, कधी सुटली नाही. इथे माझाच भरवसा नाही मला. मी पडले तरी ती पडायला नको."

मित्रांनो, पुण्यात दुचाकीवर पेंगणाऱ्या लेकराला आई ओढणीने स्वतःला बांधून घेते, हे मला पुढे कळलं. तिथे त्या गाठीने कितीतरी पोरं सुखरूप घरी पोचवली असतील. संजीवनीचं प्रेम खोटं नव्हतं आणि गाठही कच्ची नव्हती. फक्त रस्ता आणि समुद्र यांतला फरक तिला कुणी सांगितला नव्हता. नूराने बोटीतून पाहिलं, तिला वाटलं आई पोरीला नीट बसवतेय. तिने हात वर केला.

"गणपती बाप्पा..." सुबोध ओरडला.

"मोरया!" मायलेकी ओरडल्या आणि दोर ताणला गेला.

सुरुवातीला मी जरा सांभाळून घेतलं. बाजूला आईची बोटं हँडलवर पांढरी पडली होती. पण जाई! ती एका हाताने अंगठा वर करून ओरडत होती, "फास्टर ला! फास्टर!" रोसलानने वेग वाढवला. मी उडाले, आपटले, पुन्हा उडाले. पाण्याचे सपकारे तिघांच्या तोंडावर बसू लागले. संजीवनीचं डोकं माझ्या कडेवर आदळलं, तिचा ओठ फुटला. ती गळ्यावरून हात फिरवणार होती, पण त्यासाठी हँडल सोडावं लागलं असतं, आणि तिने काही ते सोडलं नाही.

त्याच वेळी एक मोठी बोट लांबून गेली होती आणि तिच्या मागच्या लाटा येत होत्या. रोसलान वळण घेत होता. वळणावर मी बाहेरच्या बाजूला फेकले जाते, तिथेच माझा जोर सगळ्यात जास्त असतो. पहिल्या लाटेने माझं नाक वर केलं. दुसरी लाट माझ्या पोटाखाली घुसली आणि तिने मला उलटंच केलं.

सुपातून दाणे पाखडावेत तशी दोन माणसं हवेत उडाली. संजीवनी पाठीवर आपटली आणि तिचा श्वासच गेला. सुबोध डोक्यावर पडला. दोघांची जॅकेटं क्षणात वर आली. तिसरं जॅकेट वर आलं नाही.

जाई माझ्याखाली होती. मी उपडी पडले होते आणि तिला ओढणीने माझ्याच पोटाशी बांधलेलं होतं. तिचं जॅकेट तिला वर ढकलत होतं आणि वर मीच होते. दोर अजून ओढतच होता. इंजिन बंद होईपर्यंत मी तिला पाण्याखालून फरफटत नेलं. तिचं डोकं माझ्या कव्हरवर आपटत होतं, धप, धप, धप. अरे, मी इतकी माणसं हसत हसत फेकली, आणि त्या पोरीला फेकता येईना म्हणून माझ्या जिवाची कशी तगमग झाली ते कुणाला सांगू? मला एकच काम यायचं. नेमकं तेच त्या गाठीने करू दिलं नाही.

इंजिन थांबलं. संजीवनीने वर येऊन इकडेतिकडे पाहिलं. "सुबोध, जाई कुठेय? जाई!" मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. ती हातपाय झाडत माझ्यापर्यंत आली. माझ्याखाली जायला पाहू लागली तर जॅकेट तिला जाऊ देईना. तेव्हा त्या बाईने, जिला विहिरीत पाय सोडायचीसुद्धा भीती होती, स्वतःच्या जॅकेटचे तिन्ही बकल उघडले, ते फेकून दिलं आणि माझं हँडल धरून ती पाण्याखाली शिरली.

तिने गाठ शोधली. तिची नखं गाठीवर तुटली. भिजलेली, ताणलेली गाठ दगडासारखी झाली होती. तिने दात लावले. खारं पाणी तिच्या तोंडात, नाकात गेलं. जाईचे हात सैल पडले होते. सुबोध दुसऱ्या बाजूने मला उलथवायला बघत होता, पण पाण्यात पायाखाली काही नसताना माझ्यासारखं धूड उलटायचं कसं? त्याने माझ्या अंगावर अक्षरशः डोकं आपटलं.

नूराने सूर मारला. तिच्या कमरेला दोर कापायचा सुरा असायचा. माझ्याखाली गढूळ अंधार, दोघींचे केस, कापड, हात. तिने चाचपडत ओढणीत सुरा घातला आणि सगळ्या ताकदीनिशी ओढला. ओढणी फाटली. सुरा पुढे माझ्या पोटात घुसला आणि कव्हर, पिशवी चिरत वितीभर गेला. माझी सगळी हवा बुडबुड करत बाहेर पडली. ती जाईच्या तोंडावरूनच वर गेली. तिला त्यातला एखादा घोट मिळाला का, मला माहीत नाही. मिळाला असावा असं मला फार वाटतं.

दोघींना बोटीत ओढून घेतलं. जाई निळी पडली होती. नूराने तिच्या छातीवर तळहात ठेवून दाबायला सुरुवात केली, दाबायची आणि तोंडाने श्वास भरायची. एवढ्याशा छातीवर तो मार बघवत नव्हता, कुठलंतरी हाड कट्कन वाजलंसुद्धा. संजीवनी ओरडली, "अहो, मोडाल तिला!" नूरा थांबली नाही. ती थांबली नाही म्हणून आज मी ही गोष्ट सांगतेय. अखेर जाईच्या तोंडातून पाण्याचा लोट आला. ती ओकली, खोकली, रडली. मग डोळे किलकिले करून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, डोन्ट शाउट ला."

नंतर अँब्युलन्स आली. जाई वाचली. दोन बरगड्या दुखावल्या होत्या आणि कमरेभोवती ओढणीचा काळानिळा पट्टा उमटला होता.

माझं काय झालं? कुणी विचारलं नाही. मला दुकानामागे टाकून दिलं. माझ्यात पावसाचं पाणी साठलं, डासांनी अंडी घातली, एका मांजरीने माझ्यावर नखांना धार लावली. माझ्या जागी निळी, चकचकीत ट्यूब आली. जगाची रीतच ती, ज्याचं काम संपलं त्याचं कौतुकही संपलं. काही आठवड्यांनी सुबोध आणि जाई नूराला पेढे द्यायला आले, लिटिल इंडियातल्या दुकानातले. नूरा तेव्हा मला कचऱ्यात टाकण्यासाठी कापायला बसली होती. जाईने मला ओळखलं आणि माझ्यावर आडवी पडली. "नो! ही माझी आहे. हिने मला हवा दिली." सुबोध डोकं खाजवत राहिला. पोरीपुढे त्याचं कधी काही चाललं नाही. घडी घालून, दोरीने आवळून त्याने मला टॅक्सीत घातलं.

दारात संजीवनी उभी होती. तिने मला पाहिलं आणि ती किंचाळलीच. "हे मढं माझ्या घरात नको! हिनेच माझी पोर बुडवली!"

जाई रडली. सुबोध मध्ये पडला. शेवटी मला शेल्टरमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर, बॅगांच्या मागे कोंबलं. माझ्या मधल्या हँडलला ती गाठ अजून तशीच होती, ओढणीचा हिरवा तुकडा लोंबत होता. पण घडी अशी घातली होती की ती आत दडली. त्या घरात गाठीबद्दल कुणी बोलत नसे. पुण्याला फोन झाला की संजीवनी सांगायची, "ती ट्यूब उलटली ना." मैत्रिणी आल्या की पुन्हा तेच. मी वर बसून ऐकायचे आणि दात नसताना दात खायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

माझं जाऊ द्या, पण जाईचं? संजीवनीने तिला पाण्याजवळ जाऊ देणंच बंद केलं. खाली तळं होतं, तिकडे फिरायला जायचं नाही. मैत्रिणीच्या काँडोत, म्हणजे बड्या सोसायटीत, वाढदिवस होता, तिथे स्विमिंग पूल म्हणून तोही नाही. शाळेच्या दारापर्यंत हात धरून जायची आणि मनगटावर बोटांचे वळ उठेपर्यंत हात सोडायची नाही. तिसरीत गेल्यावर सगळ्या वर्गाला पोहायला शिकवणार होते. जाई त्या दिवसाची किती वाट पाहत होती! संजीवनीने शाळेत कळवून टाकलं की आमची मुलगी येणार नाही. सुबोधने समजावलं तर म्हणाली, "तुला कसली घाई आहे तिला पुन्हा पाण्यात ढकलायची?"

हे जाईला कळलं तो दिवस सांगते. दुपारची वेळ. जाई शाळेतून आली आणि तिने दप्तर भिंतीवर फेकलं.

"सगळे जाणार! फक्त मी बाकावर बसणार! व्हाय?"

"कारण तू एकदा बुडली आहेस म्हणून! त्या ट्यूबने तुला..."

"ट्यूबने काही नाही केलं!" जाई पाय आपटून ओरडली. "तू मला बांधलंस! तू!"

फाडकन आवाज आला. संजीवनीने तिच्या मुस्काटात मारली होती. मग जाईच्या खोलीचं दार धाडकन लागलं.

कोपऱ्यातली केरसुणी उचलून संजीवनी थेट शेल्टरमध्ये शिरली. वड्याचं तेल वांग्यावर, आणि वांगं मी! तिने फळीवरून मला खाली खेचलं, माझ्याबरोबर दोन बॅगा आणि आकाशकंदीलही कोसळला. आणि मग तिने मला बडवायला सुरुवात केली. मित्रांनो, मी लाटांचे फटके खाल्लेली बाई, पण असा मार मी कधी खाल्ला नव्हता. "मेले! सटवे! माझ्या पोरीला गिळायला निघाली होतीस!" एकेका शब्दाला एकेक फटका. केरसुणीचे हीर उडाले. धुळीने ती खोकायला लागली. माझी दोरी तुटली, घडी उलगडली, आणि मधलं हँडल तिच्या पायाशी येऊन पडलं.

तिचा हात हवेत राहिला.

हिरवी ओढणी. गाठीवर गाठ, वर आणखी एक गाठ. तिच्यात मीठ सुकून पांढरं झालेलं. तिच्याच दातांच्या खुणा अजून कापडावर होत्या.

ती खाली बसली. गाठीवरून तिने बोट फिरवलं. मग हुंदका फुटला, आणि एवढ्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. "तुझा काय दोष गं बाई," ती मला म्हणाली. मला! "तू तर तिला फेकायलाच बसली होतीस. मीच फेकू दिलं नाही. मी बांधलं तिला. मी बांधलं." जे मी ऐकायला तडफडत होते ते अखेर ऐकलं, आणि खरं सांगते, मला एवढासुद्धा आनंद झाला नाही. रडणाऱ्या माणसासमोर जिंकण्यात काही अर्थ नसतो.

तिने बांगडीची सेफ्टी पिन काढली आणि ती गाठ सोडवायला लागली. मीठ खरवडायची, धागा उचलायची, पुन्हा खरवडायची. पिन बोटात घुसली, रक्त आलं, तिने बोट चोखलं आणि पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने दारात जाई येऊन उभी राहिली. गालावर चार बोटं उमटलेली. आईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिने हात पुढे केला. "दे, मी करते. तुझी नखं मोठी नाहीत." दोघी आळीपाळीने पिन चालवू लागल्या.

बऱ्याच वेळाने संजीवनीने खाली मान घालूनच विचारलं, "जाई, पाण्याखाली तुला काय वाटत होतं गं?"

जाईने पिन खाली ठेवली. "मला वाटलं, तूच पकडलंयस. कमरेला घट्ट लागत होतं ना. म्हणून मी हात नाही मारले. मी वाट बघत होते, तू सोडशील म्हणून."

मित्रांनो, मी कजाग बाई. मला कधी रडू आलं नाही, येणारही नाही, कारण मी नायलॉनची आहे. पण त्या वेळी माझ्यात हवा असती तर ती तिथेच गेली असती. संजीवनीने पोरीला छातीशी ओढलं. "चुकले गं बाळा. चुकले मी," एवढंच ती म्हणत राहिली. जाई म्हणाली, "आई, डोन्ट क्राय ला," आणि स्वतःही रडू लागली. शेवटची गाठ सुटली तेव्हा समोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं. तो हिरवा तुकडा संजीवनीने धुतला आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत जाऊन सांगून आली की आमची मुलगी पोहायला येणार आहे.

जानेवारीत जाई तिसरीत गेली आणि पाण्यात उतरली. आता दर शनिवारी दोघी मिळून जवळच्या पूलवर जातात. जाई माशासारखी सुटते. संजीवनी कमरेएवढ्या पाण्यात काठाचा दांडा धरून उभी असते आणि "लांब जाऊ नकोस!" असं ओरडते. मग जाई लांब जाते. मागच्या शनिवारी आई दांडा सोडून दोन हात पोहली म्हणे. जाईने मला येऊन सांगितलं, ती सगळं मला सांगते.

मला आता कुणी दुरुस्त करणार नाही. माझं पोट फाटलंय, माझा रंग उडालाय, आणि ते ठीकच आहे. पण तुम्ही कधी सुट्टीत समुद्रावर गेलात, माझ्या एखाद्या दांडगट बहिणीवर बसलात, तर तिला घाबरू नका, तिचा मानही राखा. बसण्याआधी तिच्या शिवणी बघा, हँडल ओढून बघा, जॅकेटचे बकल लावा आणि बोटीतली माणसं सांगतात ते ऐका, नुसतं ओके ओके म्हणू नका. किंचाळा, हसा, घट्ट धरा. पण स्वतःला बांधून घेऊ नका आणि कुणाला बांधू देऊ नका, मग ते तुमच्यावर कितीही माया करणारं माणूस का असेना. तिने फेकलं की निमूट पाण्यात पडा. वर यायचा रस्ता तोच आहे.

आणि हो, मी अगदीच बेकार बसलेली नाही. माझ्या मधल्या हँडलला आता जाईची पोहण्याची पिशवी असते. पूलवरून आल्यावर संजीवनी ती ओली पिशवी माझ्याकडे आणते. नुसती अडकवते, बांधत नाही.